कुत्र्याला काय घालावं? पाकीट वाचा, वाटी मोजा आणि बिस्किटांचा हिशेब धरा

बेळगाव : पूर्वी हा प्रश्नच नव्हता. शेतावर राखणीला असलेलं कुत्रं घरच्या उरलेल्या भाकरीवर, आमटीच्या खळखळीवर आणि ताकावर वाढायचं. दिवसभर बांधावरून पळायचं, आठ-नऊ वर्षं जगायचं आणि जायचं. आता तेच कुत्रं टिळकवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावर राहतं. दिवसातून दोनदा खाली जातं, सोफ्यावर झोपतं आणि घरातल्या प्रत्येकाच्या ताटातलं थोडं थोडं खातं. जागा बदलली, हालचाल कमी झाली. खाणं मात्र कुणी नव्याने ठरवलं नाही.

घरांत साधारण दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, पाकिटातलं सगळं केमिकल आहे, आमच्याकडे घरचंच असतं. दुसरा म्हणतो, डॉगफूडच पाहिजे, घरचं घातलं की केस गळतात. दोघांचंही थोडं खरं आहे. पण दोघांकडेही एक गोष्ट क्वचितच असते, ती म्हणजे मोजमाप.

आधी किती, मग काय

कुत्र्याला दिवसाला किती कॅलरी लागतात हे काढायला पशुवैद्यक एक सूत्र वापरतात. साध्या कॅल्क्युलेटरवर ते जमतं. कुत्र्याचं वजन किलोत घ्या, त्याला त्याच वजनाने दोनदा गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. १० किलोच्या कुत्र्याचं उत्तर ३९४ च्या आसपास येतं. ही झाली नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे साधारण ६३०. नसबंदी झालेली नसेल तर १.८ धरतात. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तिप्पट लागते. ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला हाच हिशेब १४३० च्या घरात जातो.

हा आकडा सुरुवातीचा, दगडावरची रेघ नव्हे. दोन आठवड्यांनी वजन करून तो वर-खाली करायचा. पण आकडा हातात असला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता चहाच्या वेळचं चित्र बघा. घरात सहा माणसं. प्रत्येकजण चहात बुडवलेली दोन ग्लुकोज बिस्किटं खाली टाकतो. एका बिस्किटात साधारण २५ कॅलरी. बारा बिस्किटांच्या झाल्या ३००. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याची दिवसभराची जवळपास निम्मी गरज नुसत्या मैदा-साखरेतून भागली. या बिस्किटांत वजनाच्या पाव भाग साखर असते, तेव्हा पंधरा-सोळा ग्रॅम साखरही त्यातच गेली. मग रात्री कुत्रं जेवत नाही म्हणून आजी काळजीने चपातीला तूप लावून देते. आणि जनावरांच्या दवाखान्यात गेल्यावर सगळे एकमुखाने सांगतात, ‘डॉक्टर, हा काही खातच नाही हो!’

खाऊसाठी जगभर मान्य असलेला नियम सोपा आहे. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको. ६३० मधले ६३. म्हणजे अडीच बिस्किटं, किंवा एक उकडलेलं अंडं पण थोडं कमी. घरात माणसं जास्त असतील तर सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे सकाळी एका डबीत दिवसभराचा खाऊ काढून ठेवायचा. ज्याला द्यायचं त्याने त्यातूनच द्यायचं. डबी संपली की संपला.

जाडी ही दिसायची गोष्ट नाही

‘गुटगुटीत आहे’ हे आपल्याकडे कौतुक असतं. लॅब्रॅडॉरवर अमेरिकेत चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ कुत्री, एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, बाकी सगळं सारखं. कमी खाणारी कुत्री मध्यमान काढलं तर १३ वर्षं जगली, दुसरी ११.२ वर्षं. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा लागलं. कुठलंही महागडं टॉनिक हे करू शकत नाही. आणि यात खर्च वाढत नाही, उलट कमी होतो.

लॅब पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्याच्या जास्त मागे असतात. तेव्हा ‘तो मागतोय म्हणजे त्याला भूक लागलीय’ हा हिशेब लॅबच्या बाबतीत तरी धरू नये.

वजनकाटा नसेल तर हात वापरा. बरगड्यांवरून तळहात हलका फिरवला की त्या मोजता याव्यात, दाब द्यावा लागू नये. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसावी. मात्र आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ जातीच्या कुत्र्याला हा नियम जरा वेगळा लावायचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली आणि २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलेली ही जात पळण्यासाठीच आहे. तिच्या मागच्या बरगड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि ते योग्यच असतं. शेजारीपाजारी ‘उपाशी ठेवलंय बघा’ म्हणतात म्हणून मुधोळला तूप-भात घालून गोल करू नये. ती पोटं तिकडच्या खेड्यांत ज्वारी, मका नि दुधावर वाढलेली आहेत.

यावरून एक वादही मिटतो. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य चालत नाही, असं सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने फिरतात. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की माणसाबरोबर राहता राहता कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या. शिजवलेला भात, भाकरी, नाचणी त्याला पचते. उलट धान्य अजिबात नसलेल्या, वाटाणा-मसूर भरपूर घातलेल्या काही महाग खाद्यांचा हृदयाच्या दुखण्याशी संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केला होता. कारण पक्कं सिद्ध झालं नाही. पण ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचं काही कारणही त्यातून निघत नाही.

पाकिटावर काय बघायचं

समोरचा फोटो बघायचा नाही. मागची बारीक अक्षरं बघायची.

पहिली ओळ शोधायची ती ‘कम्प्लीट’ की ‘कॉम्प्लिमेंटरी’ याची. पहिलं म्हणजे एकटं तेच घातलं तरी चालेल असं पूर्ण अन्न. दुसरं म्हणजे तोंडी लावणं. बऱ्याच ग्रेव्हीच्या पाऊचवर दुसरा शब्द असतो आणि लोक महिनोन् महिने तेच पोटभर घालतात. पूर्ण अन्न असेल तर कुठल्या वयासाठी तेही लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या ‘ॲफको’ या संस्थेचे निकष बऱ्याच कंपन्या छापतात. त्यानुसार पाणी वगळून मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी लागते, पिल्लांसाठी २२.५ आणि ८.५. माणसाच्या खाण्यावर असतो तो अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक इथे शोधत बसू नका. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे, पशुखाद्य त्याच्या व्याख्येतच नाही.

‘पाणी वगळून’ हे शब्द महत्त्वाचे. कोरड्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिनं २२ टक्के आणि ओल्या डब्यावर ८ टक्के लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं डबा कमी पौष्टिक. पण डब्यात ८० टक्के पाणी असतं. उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, तेव्हा ९० भागांत २२, म्हणजे साडेचोवीस. चित्र उलटं झालं. अर्थात, डब्यातल्या ८० टक्के पाण्याचेही पैसे आपणच दिलेले असतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आधी ‘चिकन’ लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नये, कच्च्या चिकनच्या वजनात पाणीच जास्त. आणि ‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजून काढलेला असतो. याच फटीतून २००७ मध्ये मोठा घोळ झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन मिसळलं होतं. ते नायट्रोजनने भरलेलं, म्हणून कागदावर प्रथिनं वाढली आणि अमेरिकेत कित्येक कुत्री-मांजरांची मूत्रपिंडं गेली. आकडा म्हणजे दर्जा नव्हे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील तर काढता येतात. समजा प्रथिनं २०, चरबी १०, तंतू ५, ओलावा १०, राख ८. बेरीज ५३. शंभरातून वजा केली की ४७, हे कर्बोदक. प्रथिनं आणि कर्बोदक यांना साडेतीनने गुणा, चरबीला साडेआठने. ७० अधिक १६४ अधिक ८५, म्हणजे १०० ग्रॅममागे साधारण ३२० कॅलरी. आपल्या १० किलोच्या कुत्र्याला खाऊ वगळून ५७० कॅलरी हव्यात. म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम, दोन वेळेत विभागून. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, वाटीत कुठपर्यंत येतं तिथे खूण करा, रोज मोजायची गरज नाही.

किलोचा भाव बघून खाद्य घेऊ नका, दिवसाचा खर्च बघा. समजा एक पिशवी किलोला २०० रुपये आणि ३२० कॅलरीची, दुसरी ३०० रुपये आणि ४०० कॅलरीची. पहिलीचे दिवसाला ३६ रुपये होतात, दुसरीचे ४३. दुकानात १०० रुपयांचा दिसणारा फरक वाटीत सात रुपयांचा निघतो. कधीकधी महाग पिशवी खरोखरच महाग असते, तेही याच हिशेबात कळतं.

सुट्टं खाद्य घेणं मात्र टाळावं. पोत्यातून किलोवर देतात, स्वस्त पडतं, पण कधीचं आहे हे कुणालाच माहीत नसतं. आपल्याकडचा पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. दमट हवेत खाद्याला बुरशी येते, आणि मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं यकृत निकामी करतं. शिजवून किंवा भाजून ते जात नाही. पिशवी फोडली की महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच घ्यावी आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तेलकट, खवट वास आला तर टाकून द्यावं. जीव हळहळतो, पण टाकावं.

घरचंच घालायचं असेल तर

घरचं अन्न वाईट नाही. अपुरं असतं. १० किलोच्या कुत्र्याला २०० ग्रॅम शिजवलेला भात, १५० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, थोडा भोपळा-गाजर आणि चमचाभर तेल दिलं की ५७० कॅलरी बरोबर होतात. पोट भरतं, कुत्रं खूश. पण त्यात कॅल्शियम १०० मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि गरज ७००-८०० ची. उलट मांसात फॉस्फरस भरपूर. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून उचल करतं. मोठ्या कुत्र्यात हे वर्षानुवर्षं कळत नाही. पिल्लात काही आठवड्यांत पाय वाकतात, हाड चालता चालता मोडतं. नुसतं चिकन-भात खाऊन वाढलेली पिल्लं लंगडत दवाखान्यात येतात ती यामुळे.

अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड हा यावरचा स्वस्त उपाय. सपाट चमचाभर पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा आपल्या कुत्र्याला पाऊण ग्रॅमसाठी अर्ध्या चमच्यापेक्षा कमीच लागते. तरी झिंक, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं राहतातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये पुस्तकांतून नि इंटरनेटवरून घेतलेल्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. म्हणून घरचं घालायचंच ठरलं तर पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे पूरक पावडर लिहून घ्यावी.

आणि याची उलटी चूक. पिल्लासाठीचं पूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, रॉटवायलर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत ही बाटली नुकसान करते. लहान वयात पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, सगळं शोषलं जातं आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. ‘दुकानदाराने दिली’ हे काही कारण होऊ शकत नाही.

जैन, लिंगायत घरांतून नेहमी विचारलं जातं, शाकाहारी ठेवलं तर चालेल का? कुत्रा सर्वभक्षी आहे. नीट आखलेल्या शाकाहारी पूर्ण खाद्यावर तो राहू शकतो. घरी करणार असाल तर नुसता दूध-भात पुरत नाही. पनीर, दही, शिजवलेली डाळ, चालत असेल तर अंडं, आणि बी १२ सकट पूरक पावडर लागेल. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात, त्यापेक्षा दही बरं. मांजराला मात्र हे अजिबात लागू नाही. त्याला मांसातले काही घटक मिळालेच पाहिजेत.

खाद्य बदलायचं तर आठवडा-दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब, आणि दोष नव्या पिशवीला.

खाऊ कोणता

गाजर, काकडी, उकडलेला भोपळा, श्रावण घेवडा, बी काढलेलं सफरचंद, कलिंगडाची फोड, उकडलेल्या रताळ्याचे तुकडे. स्वस्त आणि कॅलरी कमी. शिकवण्यासाठी उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे पुरतात. कुत्रं तुकड्याचा आकार बघत नाही, किती वेळा मिळालं ते बघतं.

चघळायच्या वस्तूंत नखाची परीक्षा करावी. अंगठ्याचं नख दाबलं आणि जराही खूण उठली नाही तर ती वस्तू दातांना जड. जनावरांची शिंगं, खूर, दगडासारखं वाळलेलं चीज, यांनी दाढांचे तुकडे पडतात. चामड्याची हाडं ओली होऊन फुगतात नि घाईत गिळली की घशात किंवा आतड्यात अडकतात. शिजवलेली हाडं कधीच नकोत, ती उभी चिरतात. रविवारी मटणानंतर ताटातल्या नळ्या नि चरबीचे तुकडे कुत्र्यासाठी बाजूला काढायची आपली पद्धत आहे. चरबीने स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं जीवावर बेततं. मक्याचं कणीस आणि आंब्याची बाठ यांचाही हाच ताप. आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय बाहेर येत नाही.

आता विषाचं. हे आपल्या भागासाठी मुद्दाम, कारण अथणी, विजापूर, तासगाव हा सगळा द्राक्ष-बेदाण्याचा पट्टा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. कुणाला मूठभर पचतात, कुणाला मोजक्याच बाधतात, आधी सांगता येत नाही. यामागे द्राक्षातलं टार्टरिक आम्ल असावं असा अलीकडचा अंदाज आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचही लांब ठेवावी. बेदाणा आपल्याकडे शिऱ्यात असतो, पायसात असतो, लाडवात असतो. गोकाकच्या करदंटूत तर सुका मेवाच. प्रवासातून आलेलं करदंटूचं पाकीट टेबलावर उघडं राहिलं की घरातलं कुत्रं ते अख्खं संपवू शकतं. कुंद्याने तसं विष होत नाही, पण खवा नि साखरेने पोट बिघडतं.

कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एवढ्यानेही रक्तात बदल दिसतात, शिजवला, वाळवला तरी गुण तोच. म्हणून रश्शाचं वरचं पाणी भातावर ओतायची सवय सोडावी. चॉकलेट जितकं काळं नि कडू तितकं वाईट. आणि बिनसाखरेचं च्युइंगम, काही पीनट बटर यांत असणारं झायलिटॉल सगळ्यात घाई करायला लावणारं. कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते, पुढे यकृत जातं. घरात मधुमेही माणूस असेल तर त्याच्या गोड गोळ्या नि पाकिटं वर ठेवा.

यातलं काही खाल्लं गेलं तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. बेदाण्याने मूत्रपिंड बिघडल्याचं दिसेपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात आणि उलटी करवायची वेळ पहिल्या दोनेक तासांतच असते. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न करू नये, मिठानेच जीव जाऊ शकतो. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं डॉक्टरांना फोनवरच सांगा. पाकीट असेल तर ते बरोबर न्या.